दळणाला जाऊन येतो

आमच्या पेठेतल्या टॉकीजचं नाव मी सांगणार नाही. ते बंद पडून बरीच वर्षं झाली, पण मालकांची पुढची पिढी पुण्यातच आहे, वाचणारी आहे, आणि माझ्याकडे त्यांची थकबाकी आहे. १९७५ ते १९७७ अशी दोन-अडीच वर्षं मी तिथे आठवड्याला एक या हिशोबाने सिनेमे पाहिले आणि तिकीट एकदाच काढलं, तेही आईने. पुढच्या रांगांचं तिकीट तेव्हा रुपया-सव्वा रुपयाचं होतं. निवृत्त झाल्यावर एकदा सवड होती म्हणून मी या रकमेचं चक्रवाढ व्याज काढायला बसलो होतो. आकडा माझ्या प्रॉव्हिडंट फंडाच्या दिशेने सरकायला लागला, तेव्हा कागद फाडून टाकला.

माझ्या बाजूने बोलायला मुद्दा एकच आहे. त्यातला एकही सिनेमा मी पूर्ण पाहिला नाही. पाहिले ते सगळे मध्यंतरानंतर. तेव्हा देणं निघालंच तर निम्मं निघेल, आणि त्यातूनही फिल्म्स डिव्हिजनचं समाचार चित्र, गावातल्या सराफांच्या स्लाइडा आणि विको वज्रदंती यांचे पैसे वजा करावेत. या गोष्टी सुरुवातीला दाखवत. मी तेव्हा घरी पाढे म्हणत असे.

पुण्याला थिएटरांचा तोटा नव्हता. मंडईजवळचं आर्यन १९१५ सालचं, गावातलं पहिलं. पुढे प्रभात, विजय, भानुविलास, मिनर्व्हा अशी रांगच लागली. नवा सिनेमा आधी मोठ्या थिएटरांत लागे आणि तिथे त्याची हौस फिटली की प्रिंट आमच्याकडे येई. येईपर्यंत तिच्यावर इतके ओरखडे पडलेले असत, की डाकू वाळवंटातून घोडे फेकत निघाले तरी वर धो धो पाऊस पडताना दिसे. तुटून जोडून ती आखूडही झालेली असे. नायकाने घराचं दार उघडलं, की पाऊल थेट इस्पितळात पडायचं.

मशीनच्या खोलीत दोन कार्बनच्या कांड्यांमध्ये ठिणगी पेटवून उजेड करत. कांडी जळत जाई, तशी ती पुढे सरकवत राहावी लागे. आमचा ऑपरेटर चहाला गेला की पडदा आधी पिवळा, मग तांबडा व्हायचा. अमिताभला पाच मिनिटांत कावीळ झालेली मी स्वतः पाहिली आहे. पिटातून शिव्या सुरू झाल्या की ऑपरेटर चहा टाकून धावत येई आणि अमिताभ बरा होई.

या टॉकीजच्या भिंतीला भिंत लावून पिठाची गिरणी होती. माझ्या गुन्हेगारीचं मूळ या एका भिंतीत आहे.

मध्यंतरात चहा-विडीला बाहेर पडणाऱ्याला डोअरकीपर पुठ्ठ्याचा एक तुकडा देई. त्याला पास म्हणत. परत आत जाताना तो द्यायचा. पण बाहेर पडलेले सगळेच परत येत नसत. कुणाला सिनेमा आवडलेला नसे, कुणाची शेवटची बस असे, कुणाला नेमका मेहुणा भेटे. अशा माणसासमोर हातात डबा घेऊन, चेहरा पाडून उभं राहिलं की दहातला एक तरी पास हातावर टेकवून जाई. दारावरचा डोअरकीपर खाकी कोटातला, जाड भिंगांच्या चष्म्याचा, हातात तीन सेलची बॅटरी. आम्ही त्याला बॅटरीमामा म्हणायचो. तो पास घेई, माझ्याकडे न बघता पडदा बाजूला करी. त्याला माझं तोंड दिसतच नाही, अशी माझी खात्री होती.

सहाच्या खेळाचं मध्यंतर साडेसातला होई. सव्वासातला मी कोपऱ्यातला डबा उचलायचो आणि आईला म्हणायचो, "दळणाला जाऊन येतो."

इतर घरांत दळणाला जा म्हटलं की पोरांचे पाय दुखत. आमच्याकडे मी मागे लागायचो. आई पाहुण्यांना कौतुकाने सांगे, "एवढंसं पोर आहे, पण दळण कधी संपू देत नाही." संपू द्यायचा प्रश्नच नव्हता. पाच किलोचं दळण मी किलोकिलोने नेत असे. ताजं पीठ प्रकृतीला चांगलं, असं मास्तर म्हणतात म्हणून सांगितलं होतं. मास्तर भूगोल शिकवायचे.

डबा गिरणीच्या रांगेत लावायचा, "गव्हावरच टाका हो काका" असं मोठ्या माणसासारखं बजावायचं, आणि पुठ्ठ्याचा तुकडा दाखवून अंधारात शिरायचं. सव्वानऊला सिनेमा सुटला की डबा उचलून घरी. सगळं व्यवस्थित होतं. घोटाळा करत होतं ते पीठ.

गिरणीतून आणलेलं पीठ ऊन असतं. डबा छातीशी धरला तर शर्टातून चटका लागतो. माझं पीठ दळून दीड तास झालेला असे. पहिल्याच आठवड्यात आईने डब्याला हात लावला आणि विचारलं, "पीठ गार कसं रे?"

"रांग होती."

"रांगेत गहू थांबतात. पीठ नाही थांबत."

मी थोडा विचार करून म्हणालो, "वारा होता."

आईने माझ्याकडे पाहिलं, बाहेर पाहिलं आणि परात ओढली. ती काही बोलली नाही, यावरून प्रकरण मिटलं असं मी समजलो. आईच्या न बोलण्याचा अर्थ लावायला मी पुढेही बरेचदा चुकलो आहे.

आता कल्पना करा, की एका मुलाने अकराव्या वर्षापर्यंत शंभराच्या वर सिनेमे पाहिले आहेत आणि त्याला एकाचीही सुरुवात माहीत नाही. 'दीवार'मध्ये अमिताभच्या हातावर काहीतरी गोंदलेलं आहे आणि त्यावरून तो फार चिडतो, एवढंच मला ठाऊक. आमच्या धुण्याच्या बाईंच्या हातावर तुळशीवृंदावन होतं. मला वाटलं, यानेही जत्रेत हौसेने गोंदवून घेतलं असेल आणि आता नक्षी बिघडली म्हणून पस्तावतोय. 'शोले'तला ठाकूर भर उन्हात शाल का पांघरतो, याचा मी हिवताप असा निष्कर्ष काढला होता. दादा कोंडक्यांच्या संवादांना दोन अर्थ असतात असं मोठी माणसं म्हणत. मला एकच लागे, आणि तोही तिसराच.

प्रेम कसं जमतं हे मी कधीच पाहिलं नाही. मी आत जाईपर्यंत नायिका नायकासाठी विष प्यायला तयार असायची. तिने आधी त्याला नाक मुरडलं, त्याने सायकलवरून चकरा मारल्या, हे सगळं भिंतीपलीकडे झालेलं असे. त्यात पिटातल्या शिट्ट्यांमुळे निम्मे संवाद ऐकू येत नसत, आणि जे ऐकू येत त्यांतलं निम्मं हिंदी आमच्या पेठेत पोचलेलं नव्हतं. म्हणजे सिनेमा निम्मा, त्याच्या निम्मा, त्याच्याही निम्मा. पदरी पडला तो दोन आणे.

या दोन आण्यांच्या भांडवलावर मी धंदा काढला. वाड्यात 'ष्टोरी' सांगायला लागलो.

रात्री जेवणं उरकली की चौकात बायका तांदूळ निवडायला बसत. सिनेमाला जाणं तेव्हा सणासारखं होतं, वर्षातून दोनदा. बाकीचे सिनेमे ऐकायचे. मोबदला ठरलेला नव्हता, पण दिवाळीच्या सुमाराला तो लाडवांच्या रूपात मिळे आणि उन्हाळ्यात कैरीच्या. वाड्यात खरोखर पहिल्यापासून सिनेमे बघणारा मुलगा एकच होता, वाड्याच्या मालकांचा नातू. तो बाल्कनीत बसून पहिल्या आठवड्यात बघून येई. पण त्याची ष्टोरी म्हणजे मालमत्तेची यादी. "मग गाणं आहे. मग मारामारी आहे. मग दुसरं गाणं आहे." बायका उठून जायच्या.

माझ्याकडे मालमत्ता नव्हती, त्यामुळे मला डोकं वापरावं लागे. शेवट माहीत असे. त्यावरून मागे मागे जात मी सुरुवात तयार करायचो. पुराव्याला तिकिटांची अर्धुकं होती. सिनेमा सुटला की खुर्च्यांखालून गुलाबी-हिरवे कपटे गोळा करून मी चपलांच्या खोक्यात ठेवी. कुणी शंका काढली की खोकं उघडून दाखवायचं. पुढे मोठेपणी कळलं, की पी. के. नायर यांनाही लहानपणी सिनेमाची तिकिटं जमवण्याचा छंद होता. त्यांनी १९६४ साली सुरू झालेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं केलं, तेही आमच्याच गावात. तिकिटं दोघांनीही जमवली. त्यातून मी उभी केली ती खोटी साक्ष.

धंदा दोन वर्षं बरा चालला. मग 'अमर अकबर अँथनी' आला.

हा मनमोहन देसाईंचा सिनेमा मे १९७७ मध्ये लागला होता. आमच्याकडे पोचेपर्यंत दिवाळी उलटली. मी गहू टाकून आत शिरलो तेव्हा पडद्यावर एक इन्स्पेक्टर होता, एक कव्वाल होता आणि एक दारूचा गुत्तेवाला. एक हिंदू, एक मुसलमान, एक ख्रिस्ती. थोड्या वेळाने लक्षात आलं, की तिघांची आई एकच आहे, निरुपा रॉय. आणि याचं कुणालाच काही वाटत नव्हतं! पुढे त्यांतला एक बँडवाला होऊन, एक म्हातारा शिंपी होऊन आणि एक पाद्री होऊन खलनायकाच्या घरात घुसले. टाळ्यांनी टॉकीज दणाणलं. मी मात्र खुर्चीत घाम पुसत होतो. तासाभराने वाड्यात जाऊन सांगायचं काय?

घरी जाईपर्यंत उत्तर सापडलं. निरुपा रॉय साईबाबांच्या पायाशी जाते आणि तिची गेलेली दृष्टी परत येते, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणजे बाई नवससायासाची. पुढचं गणित सोपं होतं.

"निरुपा रॉयला मूल होत नव्हतं," मी चौकात सुरुवात केली. "मग ती महालक्ष्मीला जाऊन नवस बोलली. चार महिने वाट पाहिली, काही नाही. मग हाजीअलीला जाऊन बोलली. तरी नाही. मग माउंट मेरीला मेणबत्ती लावून आली. पण एकाकडे बोललेलं दुसऱ्याला सांगायचं राहून गेलं. झालं, तिघेही एकदम पावले! तीन मुलगे झाले. आता ज्याचं त्याला देणं आलं. मग तिने काळजावर दगड ठेवून एक देवळात दिला, एक दर्ग्यात दिला, एक चर्चमध्ये दिला."

चौकात सुपांचा आवाज थांबला. कोपऱ्यातल्या खोलीतल्या काकूंनी एक शंका काढली, "तिळे म्हणायचे, तर विनोद खन्ना केवढा आणि ऋषी कपूर केवढुसा!"

"तो शेवटी झाला," मी म्हणालो.

आजीने पदराने डोळे टिपले. "बोललेलं फेडावंच लागतं रे बाबा," ती म्हणाली. माझ्या सबंध कारकिर्दीत एवढी दाद मला कधी मिळाली नव्हती. मी आत जाऊन पाणी प्यायलो आणि बाहेर येतो तो आजी जाहीर करत होती, "रविवारी सगळ्यांनी बघायचा. तो नवसाचा सीन मला डोळ्यांनी बघायचाय."

आजीने जन्मात दोन सिनेमे पाहिले होते. एक १९३६चा प्रभातचा 'संत तुकाराम', दुसरा १९७५चा 'जय संतोषी माँ'. या दुसऱ्याला बायका चपला बाहेर काढून आत जात, पडद्याला ओवाळत, पैसे टाकत. त्यामुळे टॉकीज हे देऊळच असतं आणि त्याला उगाच भाडं घेतात, अशी तिची समजूत होती. ती आता मोडणं माझ्या हातात नव्हतं.

रविवार टाळायचे सगळे उपाय मी केले. काखेत कांदा ठेवून झोपलो. ताप आला नाही, नुसता वास आला. आईने कांदा काढून कोशिंबिरीत चिरला आणि मला धुतलेला सदरा घातला. तीनच्या खेळाला अकरा बायका, एक पाण्याचा तांब्या, डबाभर चिवडा आणि वाटाड्या म्हणून मी, अशी वरात निघाली. दारात आजीने चपला काढल्या. तिचं बघून बाकीच्या दहा जणींनीही काढल्या. बॅटरीमामाने चपलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या पोटात गोळा आला. पण मामा काही बोलला नाही.

दिवे गेले. मी पहिल्यांदाच सिनेमा सुरू होताना पाहत होतो. पडद्यावर सेन्सॉरचं सर्टिफिकेट आलं. त्यावर किती रिळांचा सिनेमा आहे ते लिहिलेलं असे. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटं चालतं, म्हणून पिटातली पोरं आकडा वाचून एका सुरात ओरडतात, हे मी मित्रांकडून ऐकलं होतं. पोरं ओरडली. आजीने मला कोपराने ढोसलं, "हे काय रे, सातबारा?"

मग सिनेमा सुरू झाला, आणि त्यात नवस नव्हता.

बाप तुरुंगातून सुटून आला. आजारी आई चिठ्ठी ठेवून घराबाहेर पडली. बापाने तिन्ही पोरांना एका बागेत गांधीजींच्या पुतळ्यापाशी बसवलं आणि गुंडांना चुकवायला तो पळाला. दिवस पंधरा ऑगस्टचा. पोरांची ताटातूट झाली. एक पोलिसाच्या घरी वाढला, एक शिंप्याच्या, एक पाद्र्याच्या. पुतळ्याखाली एक घर फुटलं आणि त्याचे तीन धर्म झाले. मनमोहन देसाईंनी अख्ख्या देशाची गोष्ट एका बागेत बसवली होती, आणि मी ती महालक्ष्मी-हाजीअलीच्या बसमध्ये कोंबली होती.

"नवस कधी आहे?" आजीने विचारलं.

"येईल आता."

खरं सांगायचं तर मी उत्तर द्यायच्या मनःस्थितीत नव्हतो. तोंड उघडं टाकून बघत होतो. सिनेमात माणसं चिडतात त्याला आधी काहीतरी कारण घडलेलं असतं, रडतात त्याला कारण असतं, शेवटी भेटतात तीही आधी हरवलेली असतात म्हणून, हे मला त्या दुपारी कळत होतं. शंभरावर सिनेमांचे शेवट डोक्यात पडून होते. त्यांतल्या प्रत्येकाची सुरुवात कुणीतरी खरोखर केलेली होती आणि ती माझ्यापेक्षा बरी होती.

वीस-बावीस मिनिटांनी पाट्या सुरू झाल्या. इस्पितळात तीन खाटांवर तिघे भाऊ, तिघांच्या हातांतून नळ्या निघून रक्त वर बाटलीत जातंय आणि बाटलीतून आईच्या हातात. तिघांनाही ठाऊक नाही की ही आपली आई. कोपऱ्यातल्या काकूंचे यजमान कंपाउंडर होते. त्या मोठ्याने म्हणाल्या, "अगं बाई, रक्त खालून वर कसं चढतं?"

"नवसाचं आहे ते," आजी म्हणाली.

मी अंधारात आजीचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला, कारण त्यात चिवडा होता.

मध्यंतर झालं. दिवे लागले. बायका तांब्यातलं पाणी फिरवत होत्या. मला वाटलं, आता दुसरा भाग माझ्या ओळखीचा आहे, तिथे मी सांभाळून घेईन. तेवढ्यात पासचा गठ्ठा हातात घेऊन बॅटरीमामा आमच्या रांगेपाशी आला. त्याने जाड भिंगांतून मला नीट न्याहाळलं. चेहऱ्यावर खरंखुरं आश्चर्य होतं.

"काय बाळ," तो म्हणाला, "आज पहिल्यापासनं? दळण नाही वाटतं आज?"

अकरा बायका माझ्याकडे वळल्या. मालकांचा नातू चार रांगा मागे बसला होता, तोही उठून उभा राहिला. कुणीतरी मोठ्याने रागावलं असतं तर बरं झालं असतं. आई शांतपणे पदर खोचत होती. दोन वर्षांची सगळी दळणं तिच्या डोळ्यांपुढून गेली असावीत. मग ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली,

"तरीच पीठ गार."

मध्यंतरानंतरचा भाग मी याआधी पाहिला होता, हे देवाचे उपकार. कारण त्या दिवशी मला पडदा दिसला नाही. साईबाबांचा प्रसंग आला, मूर्तीच्या डोळ्यांतून दोन ज्योती निघाल्या, निरुपा रॉयला दिसायला लागलं, आणि आजी ताडकन उभी राहिली. तिने कनवटीचं चार आण्याचं नाणं काढून पडद्याकडे फेकलं. ते पडद्यापर्यंत पोचलं नाही. खालच्या रांगेतल्या एका टकलावर पडून टणकन वाजलं. टकलाने मागे वळून आईमाईवरून काही विचारलं. आजीला ते ऐकू गेलं नाही. ती हात जोडून उभी होती आणि सगळ्या बायकांना बजावत होती, "हाच बरं का तो नवस! पोरगं सांगत होतं ना!"

शिक्षा झाली. गिरणी बंद, चौकातली ष्टोरी बंद, खोक्यातली अर्धुकं बंबात. दळणाचं काम आईने ताईकडे दिलं. तीन महिन्यांनी आई पाहुण्यांना सांगत होती, "पोरीला काय गिरणीची आवड लागलीय! दळण कधी संपू देत नाही." मी काही बोललो नाही. आमच्या घरात मात्र तेव्हापासून कुणी थाप मारली की "पीठ गार आहे" म्हणायची पद्धत पडली. माझ्या लग्नानंतर आईने ती बायकोला दागिन्यांबरोबर सोपवली.

आजी पुढे आठ-नऊ वर्षं होती. भजनी मंडळात ती 'अमर अकबर अँथनी'ची गोष्ट सांगायची, आणि ती महालक्ष्मीपासून सुरू व्हायची. सिनेमा तिने स्वतःच्या डोळ्यांनी बघितला होता, तरीही. मी एकदा म्हणालो, "आजी, त्यात तसं नाहीये गं." ती म्हणाली, "तू लहान होतास. तुला आठवत नाही."

तेव्हाची सवय मात्र मला जन्मभर पुरली. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ते आमच्या घराण्यात मी आणलं. नोकरीत मीटिंगला उशिरा पोचायचो आणि आधी काय झालं असेल ते ताडून ठामपणे बोलायचो. दोनदा बढती मिळाली, एकदा मेमो. लग्नही तसंच झालं. कांदेपोहे, बैठक, साखरपुडा, अक्षता. सुरुवातीचं नाक मुरडणं आमच्यात कधी घडलंच नाही. ते बायकोने नंतर सवडीने केलं.

मधे एकदा मी फिल्म सोसायटीचा सभासद झालो. आता सगळे सिनेमे पाटीपासून बघायचे, असा निश्चय होता. तिथे कळलं, की दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र', जो ३ मे १९१३ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला होता, तो चार रिळांचा होता आणि त्यातली पहिली आणि शेवटची एवढीच रिळं हाती उरली आहेत. मधला सिनेमा गेला. १९३१चा 'आलम आरा', आपला पहिला बोलपट, तो तर सबंधच नाहीसा झालाय. सगळे हळहळले. मला मात्र फार वर्षांनी हलकं वाटलं. उरलेला भाग मनाने भरून घेणारा मी काही एकटा नव्हतो. मी फक्त त्याचे लाडू घेतले.

आमच्या टॉकीजच्या जागेत आता काय आहे ते सांगितलं तर नाव ओळखाल. मंडईजवळच्या आर्यन आणि मिनर्व्हाची नावं वाहनतळांना चिकटून राहिली आहेत. लोक तिथे स्कूटर लावतात आणि घरी सांगतात, मिनर्व्हाला लावलीय. अलका टॉकीजचा चौक आणि विजय टॉकीजचा चौक रिक्षावाल्यांच्या तोंडी पक्के आहेत. आमच्या टॉकीजला चौकही नव्हता. गिरणी अजून आहे. मालक बदलला, भिंत तीच आहे. मध्यंतरी मी गहू घेऊन गेलो होतो. पट्टा फिरायला लागला तशी मी सवयीने घड्याळात पाहिलं. साडेसात वाजले होते. दळण होईपर्यंत उभा राहिलो आणि ऊन डबा छातीशी धरून घरी आलो. बायकोने डब्याला हात लावला आणि काही बोलली नाही.

आता सगळे सिनेमे घरात येऊन पडले आहेत. हवा तो, हवा तेव्हा, सर्टिफिकेटपासून. मी रात्री जेवून दिवाणखान्यात बसतो, सर्टिफिकेट वाचतो, पाट्या वाचतो, पहिलं भांडण बघतो, पहिलं गाणं बघतो, आणि साधारण मध्यंतराच्या सुमाराला मला झोप लागते. गेल्या वर्षात मी साठ-सत्तर सिनेमांचे पहिले भाग पाहिले. लहानपणचे दुसरे भाग आणि हे पहिले भाग मिळून गोळाबेरीज पूर्ण होते, फक्त सिनेमे वेगवेगळे आहेत.

बायको आधीच झोपायला गेलेली असते. सकाळी चहा गाळताना ती विचारते, "मग, शेवटी काय झालं?"

मी घोटभर चहा घेतो आणि सांगायला लागतो. नायिकेची आई मूळची कोकणातली होती, तिने लहानपणी ग्रामदेवतेला एक नवस बोललेला होता, तो फेडायचा राहिला होता.

बायको शांतपणे सगळं ऐकून घेते. मग बशी माझ्यापुढे सरकवते.

"पीठ गार आहे," ती म्हणते.